एक संगणक, दोन बिऱ्हाडे

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे श्रुतपंचमी. या दिवशी बस्तीतील शास्त्रांचे कपाट उघडले जाते. ग्रंथ बाहेर काढून त्यांवरील धूळ पुसतात, कसर लागली आहे का ते पाहतात, जीर्ण वेष्टने बदलून नवी बांधतात आणि मग श्रुताची पूजा होते. वारणाकाठच्या एका गावातील निवृत्त मुख्याध्यापक गेली अनेक वर्षे ही सेवा स्वतःच्या हाताने करीत आले आहेत. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय शहात्तर. गेल्या वर्षी श्रुतपंचमीची पूजा आटोपून ते घरी आले, तेव्हा पुण्याहून सुट्टीला आलेली थोरल्या मुलाची मुलगी ओसरीवर बसली होती. अण्णांनी हातपाय धुतले आणि तिला म्हणाले, "बाळ, बस्तीतल्या शास्त्रांना नवी वेष्टने बांधून झाली. तुझ्या आज्जीचे शास्त्र मात्र त्या डब्यात तसेच पडून आहे. त्याचे काही करता येईल का?"

डबा म्हणजे माजघरातील संगणक. 2011 साली घेतलेला, विंडोज सात या कार्यप्रणालीवर चालणारा. तो सुरू केल्यावर माणसाने एक सामायिक करून यावे, इतका वेळ त्याला जागे व्हायला लागत असे. मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 रोजी विंडोज सातचा आधार थांबवला. पुढे 2023 मध्ये क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येईनाशा झाल्या. बँकेचे पान उघडेना, पत्र जाईना. पुण्याचा मुलगा दर दिवाळीला म्हणे, "अण्णा, हे भंगारात द्या. नवा लॅपटॉप आणतो." अण्णा दर दिवाळीला म्हणत, "बघू."

या 'बघू'मागे एक कारण होते. अण्णांच्या पत्नी, घरादाराच्या आक्का, यांनी पन्नाशी उलटल्यावर या संगणकावर टंकलेखन शिकून घेतले होते. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार हा त्यांचा नित्याच्या स्वाध्यायाचा ग्रंथ. त्याच्या दीडशे श्लोकांवर, रोजच्या संसारातील उदाहरणे घेऊन, त्यांनी नऊ वर्षे टिपणे लिहिली. सकाळची धार, दूध, स्वयंपाक उरकल्यावर आणि दुपारच्या सामायिकाआधी जो तासभर मिळे, त्या तासातले हे लेखन. तीनशे बारा पाने झाली. तीन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. टिपणे त्या संगणकात राहिली.

नातीने सारे शांतपणे ऐकून घेतले. ती अभियांत्रिकी शिकते. संगणक उघडून तिने आतली धूळ झटकली, दोन जीबीची रॅम थोड्या खर्चात चार जीबीची केली आणि मग आपला विचार सांगितला: जुने काढायचे नाही, नवे विकत आणायचे नाही. याच डिस्कवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे. संगणक सुरू होताना विचारील, कोणत्या घरात जायचे? जे निवडाल ते उघडेल.

अण्णांना ही कल्पना बिऱ्हाडासारखी वाटली. एका वाड्यात दोन कुटुंबे. विहीर एक, अंगण एक, चुली दोन. नात म्हणाली, उपमा बरोबर आहे, फक्त एक भेद आहे: दोन्ही चुली एका वेळी पेटत नाहीत. यंत्राचे प्रोसेसर, रॅम, पडदा, कळफलक हे सर्व ज्या वेळी जी प्रणाली चालू असेल तिचे. दुसरी त्या वेळी डिस्कवर निजलेली असते. एकीतून दुसरीत जायचे तर पहिलीचा पूर्ण निरोप घेऊन यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

लिनक्स या प्रणालीचा गाभा 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे जगभरच्या लोकांनी तो वाढवला. ज्याला हवे त्याने घ्यावे, पाहावे, सुधारावे आणि पुढे द्यावे, अशी ही रीत. अण्णांना यात शास्त्रदानाचा वास आला. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांपैकी शास्त्रदान आपल्याकडे किती मोठे मानले गेले, हे अत्तिमब्बेच्या कथेवरून कळते. दहाव्या शतकातील या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. प्रती वाढल्या म्हणजे ग्रंथ जगतो, हे त्या काळीही ठाऊक होते.

नातीनेही आरंभ प्रतींपासूनच केला. आक्कांची सारी टिपणे तिने दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवली, त्या उघडतात की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहिले आणि मगच डिस्कला हात लावला. तीनशे वीस जीबीच्या डिस्कमधील शंभर जीबी जागा विंडोजकडून मोकळी करून घेतली आणि तिथे लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बसवली. संगणक पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर चार ओळी उमटल्या: वर लिनक्स, खाली विंडोज, कोपऱ्यात दहापासून उलटे मोजणारा आकडा. या यादीला ग्रब म्हणतात. दहा सेकंदांत कळ दाबली नाही, तर पहिली ओळ आपोआप निवडली जाते.

अण्णांनी विंडोजची ओळ निवडली. पडद्यावर नेहमीचे चित्र येण्याऐवजी आकडे आणि टक्के धावू लागले. अण्णांचा चेहरा उतरला. नात म्हणाली, "घाबरू नका. त्याच्या घराची भिंत सरकवली आहे. तो आपले सामान मोजून पाहतोय." दहा मिनिटांनी मोजणी संपली आणि ओळखीचे चित्र आले. आक्कांची फाइल उघडली. सारे जागच्या जागी होते.

खरा धक्का पुढे बसला. लिनक्समध्ये जाऊन तीच फाइल उघडली, तेव्हा पानभर रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि चिन्हे यांचा नुसता खच दिसला. एकही शब्द वाचता येईना. "गेले का ग सगळे?" अण्णांच्या तोंडून एवढेच निघाले.

काहीही गेले नव्हते. आक्कांनी ज्या मराठी फॉन्टमध्ये लिहिले, तो युनिकोडपूर्व पद्धतीचा होता. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते. फक्त त्या जागी चित्र देवनागरीचे बसवलेले असते. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते, फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये असे नाही. तिथे देवनागरीला स्वतःच्या एकशे अठ्ठावीस जागा दिलेल्या आहेत. 'क' हा कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. नातीने जुना फॉन्ट लिनक्सच्या बाजूला आणून पाहिला. अक्षरे दिसू लागली, पण काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. शिवाय जो ग्रंथ एकाच फॉन्टच्या आधारावर उभा आहे, तो फॉन्टबरोबरच जाणार, हे उघड होते. तेव्हा टिपणांचे युनिकोडमध्ये लिप्यंतर करायचे ठरले.

आपल्या समाजाला हे काम नवे नाही. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. दर्शनाला येणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. तिच्या प्रती झाल्या, नागरीत लिप्यंतर झाले, आणि प्राध्यापक हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये तिचा पहिला खंड आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे सोळा खंड पूर्ण झाले. लिपी बदलली, शास्त्र तेच राहिले. आणि नागरी प्रत छापली गेली म्हणून मूडबिद्रीची ताडपत्रे कोणी टाकून दिली नाहीत. पाठ शंकास्पद वाटला तर पुन्हा मूळ पाहावेच लागते.

अण्णांच्या घरातही हेच घडले. फॉन्ट बदलून देणारा परिवर्तक काही क्षणांत तीनशे बारा पाने पालटून देतो, पण निर्दोष देत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. ही अदलाबदल करताना परिवर्तक अडखळतो. 'धर्म'चा रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, 'निर्ग्रंथ' हा शब्द ओळखू येत नाही. पानामागे पंधरा-वीस दोष. ते एकेक पाहून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हते. नात आठ दिवसांनी पुण्याला परतणार होती. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चौतीस वर्षे वह्या तपासल्या. हेही जमेल."

दिनक्रम ठरला. सकाळी अभिषेकाहून आल्यावर विंडोज. तिथे मूळ फाइल उघडून चार पाने छापायची. घरचा जुना प्रिंटर लिनक्सला दाद देत नव्हता, तेव्हा छपाई तिथेच. मग विंडोज बंद. दुपारी लिनक्स. छापलेली पाने डाव्या हाताला ठेवून पडद्यावरची युनिकोड प्रत ओळीओळीने ताडून पाहायची. एखादे अक्षर कागदावर अस्पष्ट असेल तर त्याची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये ते मोठे करून पाहायचे. आधार संपलेली विंडोज आंतरजालाला जोडायची नाही, हा नातीचा कडक नियम. पत्रव्यवहार, बँक आणि पुण्याला प्रत पाठवणे हे सारे लिनक्समधून.

दोन बिऱ्हाडांचे नियम अण्णांना हळूहळू उमगत गेले. एकदा त्यांनी विंडोज पूर्ण बंद न करता हायबरनेट केले, म्हणजे अर्धवट निजवले. त्यानंतर लिनक्सने त्या बाजूची कागदपत्रे वाचू दिली, पण बदलू दिली नाहीत. शेजारी निजला असताना त्याच्या कपाटात ठेवरेव केली, तर जागा झाल्यावर त्याचा हिशेब चुकणार, हे लिनक्सला ठाऊक होते. दुसऱ्या एका संध्याकाळी लिनक्समधून विंडोजमध्ये आलेले अण्णा कामात गढले होते. पडद्यावरच्या घड्याळात एक वाजला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाकट्या सूनबाईंची हाक आली, "अण्णा, दिवस मावळायला आला, पान वाढलंय." अण्णांनी भिंतीकडे पाहिले. साडेसहा! रात्रिभोजनत्यागाचा नेम त्या दिवशी सूनबाईंनी राखला.

रात्री फोनवर नातीने उलगडा केला. यंत्राच्या आत बॅटरीवर चालणारे एकच घड्याळ असते. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवते आणि दाखवताना भारताचे साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र घड्याळात आहे तीच स्थानिक वेळ समजते. म्हणून साडेपाच तासांची तफावत. खोटे दोघेही बोलत नव्हते. कोणत्या अपेक्षेने बोलत आहोत, हे एकाने दुसऱ्याला सांगितले नव्हते. अण्णा हसले. अनेकांताचा पाठ त्यांनी मुलांना हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीवरून शिकवला होता. आता घड्याळावरूनही शिकवता आला असता. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा नातीने सांगितली, अण्णांनी ती एकेक अक्षर पाहून टंकली, आणि दोन्ही घरांत एकच वेळ झाली.

यंत्राचे प्रश्न असे सुटत गेले. सुटेना तो प्रश्न वेगळाच होता.

दुरुस्त करताना अण्णांच्या लक्षात आले की सर्व दोष परिवर्तकाचे नव्हते. काही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, काही बोलीतली रूपे मूळ प्रतीतच होती. ती आक्कांची होती. 'पाणी' त्या कधी 'पानी' लिहीत, 'आणि'ची वेलांटी हटकून दीर्घ करीत. मुख्याध्यापकाचा हात आपसूक दुरुस्तीकडे जाई आणि कळफलकावर थबके. कारण त्यांना एक गोष्ट आठवली होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

टंकलेखन शिकल्यावर आक्कांनी पहिली तीन पाने छापून मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे ठेवली होती. अण्णांनी ती शाळेच्या सवयीने तपासली. लाल शाईने एकेचाळीस चुका काढल्या आणि खाली लिहिले: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. त्यात दुखावण्याचा हेतू नव्हता. आक्का काही बोलल्या नाहीत. पाने घडी करून घेऊन गेल्या. पुढे नऊ वर्षे त्या लिहीत राहिल्या, पण एकही पान त्यांनी पुन्हा अण्णांना दाखवले नाही. अण्णांनीही कधी मागितले नाही. तीनशे बारा पानांचा हा ग्रंथ शेजारच्या खोलीत लिहिला जात होता आणि घरातला एकमेव मराठीचा शिक्षक त्याचा वाचक नव्हता.

आता रोज चार पाने याप्रमाणे ते तो ग्रंथ प्रथमच वाचत होते. श्रावण सरता सरता ते परिग्रहपरिमाण व्रताच्या टिपणापाशी आले. त्या व्रताचे अतिचार सांगताना आचार्यांनी अतिसंग्रहाबरोबर अतिभारवहनही सांगितले आहे: लोभापायी प्रमाणाबाहेर ओझे लादणे. बैलगाडीचे उदाहरण देऊन आक्कांनी पुढे लिहिले होते की जनावर बोलत नाही म्हणून ओझे हलके होत नाही. आणि माणसावर शब्दांचे ओझे लादले तर तोही पुष्कळदा बोलत नाही. त्याखाली त्यांनी आपल्या घराचे परिमाण नोंदवले होते. शेत इतके, दागिने इतके, आणि शेवटी: संगणक एक, हा चालतो तोवर दुसरा नको.

अण्णांनी त्या दिवशी पुढचे पान उघडले नाही. कोणाला उद्देशून ते वाक्य लिहिले होते, हे त्यात नव्हते आणि अण्णांनी ते ठरवण्याचा प्रयत्नही केला नाही.

मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नेम केला. शंकास्पद शब्द आला की विंडोजमध्ये परतून मूळ पाहायचे. दोष परिवर्तकाचा असेल तर सुधारायचा. आक्कांचा असेल तर जसाच्या तसा ठेवायचा. यामुळे कामाला दुप्पट वेळ लागू लागला. एका 'पानी'साठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे, ग्रबच्या यादीत खालची ओळ निवडायची, जुन्या प्रणालीला जागे होईपर्यंत वाट पाहायची. पुण्याहून मुलगा म्हणाला, "अण्णा, आईच्या चुका सुधारल्या तर बिघडले कुठे?" अण्णा म्हणाले, "त्या मी एकदा सुधारल्या आहेत." मुलाला अर्थ कळला नाही. त्यांनीही सांगितला नाही.

जुन्या पोथ्यांचे लेखक शेवटी नोंद करीत असत की जसे पुढे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष आम्हाला देऊ नये. अण्णांना पूर्वी ही पळवाट वाटे. आता ती नम्रता वाटू लागली.

अनंत चतुर्दशीला शेवटचे पान झाले. क्षमावणीच्या दिवशी अण्णांनी बस्तीत सर्वांची क्षमा मागितली, घरी येऊन मुलाची, सुनेची, गड्याचीही मागितली. मग माजघरात जाऊन प्रतीच्या आरंभी दोन ओळी टंकल्या: लेखिकेचे शब्द जसे होते तसे ठेवले आहेत. दुरुस्ती केली आहे ती फक्त यंत्राच्या चुकांची. दिवाळीत, वीरनिर्वाणाच्या सुमारास, टिपणांच्या चाळीस प्रती छापून झाल्या. त्यांतील दहा बस्तीतल्या स्वाध्यायाच्या कपाटात आहेत. दुपारी जमणाऱ्या बाया त्या वाचतात आणि 'पानी'पाशी कोणी अडखळत नाही, कारण त्याही तसेच बोलतात.

त्याच ऑक्टोबरात, 14 तारखेला, विंडोज दहाचाही नेहमीचा आधार संपला. विंडोज अकराला टीपीएम दोन नावाची सुरक्षेची चिप लागते. ती नसलेले पुष्कळ चांगले संगणक आता घरोघरी निरुपयोगी ठरवले जातील. ते भंगारात जाण्यापूर्वी एकदा विचार व्हावा. भंगारातल्या तारा जाळल्या जातात, धातू काढायला आम्ल वापरतात, आणि त्या धुराची, त्या पाण्याची हिंसा आपल्या डोळ्यांआड होत असते. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. द्यायचाच झाला तर संगणक नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. पण पुष्कळदा त्याला देण्याची नव्हे, ओझे हलके करण्याची गरज असते.

नातीने परवा विचारले, "अण्णा, काम तर झाले. आता विंडोज काढून टाकू? जागा मोकळी होईल." अण्णांनी थोडा विचार केला. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी खालची ओळ एकदाही निवडली नव्हती. ठेवण्याचे कारण असते तोवर ते जतन. कारण संपल्यावरही ठेवले तर तो संग्रह. आक्कांच्या टिपणांतच हे लिहिलेले होते.

"येत्या श्रुतपंचमीला काढू," ते म्हणाले. "तोवर तीनही ठिकाणच्या प्रती एकदा उघडून पाहू. आणि मी तुझ्या आज्जीचे पहिले पान तिथे, तिच्या अक्षरात, एकदा वाचून घेईन."